पावसाळ्यात फ्लॅटला येणारी ओल आणि बुरशी: पाण्याची वाट शोधण्यापासून भिंत वाळेपर्यंत

ठाण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये पश्चिमेकडच्या खोलीत खिडकीखाली दर जुलैत एकाच जागी डाग उमटत असे. स्कर्टिंगच्या वर वीतभर उंचीवर तो सुरुवातीला तळहाताएवढा असे, मग हळूहळू ताटाएवढा होई. पुट्टी फुगून पोपडे सुटत आणि ऑगस्ट संपेपर्यंत त्याच्या कडेला बुरशीचे काळे ठिपके दिसू लागत. सलग दोन वर्षे आम्ही दिवाळीच्या तोंडावर ती भिंत खरवडून, पुट्टी भरून रंगवून घेतली आणि दोन्ही वेळा पुढच्या जुलैत डाग हजर झाला. तिसऱ्या वर्षी मी रंगाऱ्याला बोलावले नाही. पेन्सिल घेऊन डागाची कड आखली, शेजारी तारीख लिहिली आणि दर दोन-तीन दिवसांनी तेच केले. पंधरा दिवसांत भिंतीवर भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषांसारखा नकाशा तयार झाला. त्यावरून दोन गोष्टी कळल्या: डाग नुसत्या जोरदार पावसाने वाढत नव्हता, पश्चिमेचा वारा असलेल्या पावसाने वाढत होता, आणि त्याची सुरुवात खिडकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून होत होती. पाऊस उघडल्यावर सरकत्या खिडकीच्या रुळात तांब्याभर पाणी ओतून पाहिले. ते बाहेर पडायला हवे होते, पण अर्ध्या तासात आतल्या आत मुरून गेले. रुळातली पाणी निघण्याची भोके मातीने बुजली होती आणि चौकटीच्या कोपऱ्यातले सिलिकॉन सुटले होते. भोके तारेने मोकळी करणे आणि जुने सिलिकॉन पूर्ण काढून नवे भरणे एवढेच काम निघाले, आणि त्याचा खर्च दोन वेळच्या रंगाच्या तुलनेत नगण्य होता.

पाणी कोणत्या वाटेने येते हे कळेपर्यंत ओल आलेल्या भिंतीवर एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे तेव्हापासून ठाम मत झाले आहे. पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः मुंबई-ठाणे, कोकण आणि गोवा या पट्ट्यातील फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे, कारण तिथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर राहते.

ओल कुठली, हे ओळखण्याच्या खुणा

फ्लॅटमधली ओल बहुतेक वेळा तीनपैकी एका वाटेने आलेली असते: बाहेरचे पावसाचे पाणी, घरातल्या किंवा वरच्या घरातल्या नळांचे व मोरीचे पाणी, किंवा हवेतले बाष्प. तळमजल्यावर जमिनीतून चढणारी ओलही असते. ती फरशीपासून साधारण हात-दोन हात उंचीपर्यंत आडव्या पट्ट्यासारखी दिसते आणि तिच्या वरच्या कडेला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटतो. वरच्या मजल्यांवर मात्र तिचा संबंध नसतो, त्यामुळे पाचव्या मजल्यावर कोणी जमिनीची ओल अडवण्यासाठी भिंतीत रसायनाचे इंजेक्शन सुचवू लागला तर त्याला नम्रपणे निरोप द्यावा.

पावसाच्या पाण्याची ओल बाहेरच्या भिंतीवर, छताच्या कडेला किंवा खिडकीभोवती येते, पावसानंतर काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत गडद होते आणि तिला पिवळसर-तपकिरी, स्पष्ट कड असते. मुंबईकडे मोसमी वारे नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून येत असल्याने त्या बाजूच्या भिंती सर्वाधिक भिजतात. पाणी आत शिरण्याच्या जागा ठरावीक असतात: तुळई किंवा खांब आणि वीटकाम यांच्या सांध्यावरची भेग, खिडकीच्या चौकटीचा कोपरा, आतल्या बाजूला उतार झालेला खिडकीचा दगड, पाणी साचणारा छज्जा, एसीच्या नळ्यांसाठी पाडून नीट न बुजवलेले भोक. या भोकाचा उतार नेहमी बाहेरच्या बाजूला असावा लागतो, पण घाईत बसवलेल्या एसीत तो अनेकदा उलटा निघतो. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असलेल्या नव्या इमारतींत, ज्यांना सगळे मायव्हन म्हणून ओळखतात, साचे एकमेकांना बांधण्यासाठी ठेवलेली भोके नीट भरली गेली नाहीत, तर बरोबर त्याच जागी गोल डाग उमटतात. ड्रेनेजच्या डक्टमध्ये किंवा बाहेरच्या भेगेत पिंपळाचे रोप उगवले असेल, तर तिथे पाण्याला वाट आहे हे नक्की समजावे. ते रोप नुसते वरून छाटून उपयोग होत नाही, कारण मुळे भेगेतच वाढत राहतात आणि भेग रुंदावतात.

नळांच्या ओलीची खूण सोपी आहे. जो डाग एप्रिल-मेच्या कडक उन्हातही वाळत नाही, तो पावसाचा नाही. आत येणाऱ्या पाण्याच्या नळाला गळती असेल तर डाग रात्रंदिवस सारखाच ओला राहतो. सांडपाण्याच्या नळाची किंवा मोरीची असेल तर सकाळी अंघोळी-धुणी झाल्यावर तो गडद होतो. टाइल्सच्या फटी बुजवून भागेल असे पुष्कळांना वाटते. फ्लॅटमधल्या बाथरूमची लादी मात्र बहुधा खोलगट स्लॅबवर, विटांच्या तुकड्यांचा कोबा भरून बसवलेली असते, आणि त्याखालचे वॉटरप्रूफिंग एकदा फुटले की तो कोबा स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. म्हणूनच वरच्या घरातले लोक आठवडाभर गावाला गेले तरी खालच्या छताचे ठिबकणे लगेच थांबत नाही, आणि त्यावरून गळती त्यांची नाहीच असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो.

याची चाचणी वरच्या घरातल्यांशी बोलून, त्यांच्या सोयीच्या दिवशी करावी. नहाणी ट्रॅपचे तोंड कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करावे, बाथरूममध्ये इंचभर पाणी साठवून त्यात नीळ कालवावी आणि पाण्याच्या पातळीची खूण टाइलवर करून ठेवावी. चोवीस तासांनी पातळी लक्षात येण्याइतकी उतरली, किंवा खालच्या छतावर ओल वाढली, निळसर छटा आली, तर दोष लादीखालच्या थरात आहे. पातळी तशीच राहिली तर बोळा काढून पाणी सोडून द्यावे आणि खाली पाहावे. तेव्हा ठिबकू लागले तर दोष ट्रॅपच्या सांध्यात किंवा पुढच्या नळात आहे. ही चाचणी फुकट होते आणि तिच्या निकालाबद्दल वाद राहत नाही. लादी फोडण्याचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.

तिसरी ओल हवेची. तिला कड नसते. कपाटामागे, पलंगाच्या खणात, दोन भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यात, चामड्याच्या पट्ट्यावर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर ती करड्या किंवा काळ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसते; भिंत ओलीचिंब नसते, हाताला फक्त सर्द आणि चिकट लागते. संशय असल्यास जाड प्लॅस्टिकचा हातभर चौरस तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. थेंब प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर ते हवेतले आहे.

दमट हवा, एसी आणि खिडक्या

ओल दिसली की खिडक्या उघड्या ठेवा, हा सल्ला इंटरनेटवर सगळीकडे मिळतो; तो थंड देशांतून आलेला आहे आणि तिथे तो बरोबरही आहे. लंडनमध्ये जानेवारीत बाहेर ५ अंश तापमान असते तेव्हा एक घनमीटर हवेत फार तर सात ग्रॅम बाष्प मावते. ती हवा आत येऊन तापली की कोरडी होते आणि घरातले बाष्प घेऊन बाहेर जाते. तिकडे राहणाऱ्या आपल्या माणसांनी म्हणूनच स्वयंपाकानंतर आणि अंघोळीनंतर थंडी सोसून दहा मिनिटे खिडक्या सताड उघडाव्यात, आणि हीटरवर कपडे वाळत घालू नयेत.

मुंबईच्या जुलैचे गणित याच्या उलट आहे. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते आणि ही हवा २६ अंशांच्या आसपास असलेल्या कोणत्याही पृष्ठभागाला लागली की त्यावर दव धरते. रात्रभर २० अंशांवर एसी चालवून सकाळी तो बंद केला आणि लगेच खिडक्या उघडल्या, तर थंड झालेली भिंत, आरसा आणि कपाटाची पाठ यांना अक्षरशः घाम फुटतो. एसीच्या खोलीची मधली भिंत चार इंची असेल, तर हा घाम पलीकडे, बिनाएसीच्या खोलीत किंवा पॅसेजमध्ये येतो आणि तिथे धरलेल्या बुरशीचे कारण कोणाच्या लक्षात येत नाही. वरच्या घरातल्या एसीने तुमचे छत थंड होऊनही हेच घडते. फॉल्स सीलिंगमधून जाणाऱ्या एसीच्या नळीचे आवरण फाटले असेल तर त्यावर धरलेले दव थेंबाथेंबाने गळते, आणि ते वरच्या बाथरूमची गळती म्हणून वरच्यांच्या माथी मारले जाते.

उपाय असा. साधे डिजिटल आर्द्रतामापक काही शेकड्यांत मिळते. ते सर्वांत सर्द कोपऱ्यात ठेवावे आणि घरातली आर्द्रता शक्यतो ६० टक्क्यांच्या आसपास, निदान ७० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करावा. एसी २६ अंशांवर ठेवावा. जानेवारी २०२० पासून भारतातील स्टार लेबल असलेल्या खोलीच्या एसींना २४ अंश हे मूळ तापमान ठरवून दिलेले आहे. पावसाळ्यात त्याच्या खाली जाण्याची गरज क्वचितच पडते. पंखा चालू ठेवावा आणि ड्राय मोड असेल तर तो वापरावा. एसी बंद केल्यावर खिडकी लगेच न उघडता भिंतींना तासभर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. घरात दम्याचा रुग्ण असेल किंवा पुस्तकांचा मोठा संग्रह असेल, तर बाष्पशोषक यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, घेणे योग्य ठरते. मात्र ते दारे-खिडक्या बंद ठेवूनच चालवावे, नाहीतर ते अरबी समुद्र वाळवत बसते.

बाष्प घरातही तयार होते. वॉशिंग मशीनमधून काढलेले धुणे खोलीतल्या दोरीवर वाळते तेव्हा दीड-दोन लिटर पाणी हवेत मिसळते, आणि चार माणसांच्या एका रात्रीच्या श्वासातून लिटरभर. म्हणून पावसाळ्यात कपडे एकाच खोलीत, तिचे दार बंद करून, पंखा आणि एक्झॉस्ट लावून किंवा तिथेच डीह्युमिडिफायर चालवून वाळवावेत. बेडरूममध्ये मात्र वाळवू नयेत. बाथरूमचा एक्झॉस्ट अंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा आणि दाराखाली बोटभर फट असू द्यावी, कारण हवा आत आल्याशिवाय बाहेर जात नाही. स्वयंपाकघरातही भात-वरणाच्या वाफेसाठी चिमणी किंवा पंखा सुरुवातीपासून लावावा. सकाळी-संध्याकाळी समोरासमोरच्या खिडक्या थोडा वेळ उघडण्याला माझा विरोध नाही. कोंडलेली कुबट हवा तेवढ्याने निघून जाते. दिवसभर उघड्या ठेवून घर कोरडे होईल, ही अपेक्षा मात्र ठेवू नये.

कपाटे बाहेरच्या भिंतीपासून निदान तीन बोटे दूर असावीत. भिंतीला खिळलेले वॉर्डरोब करून घेताना बाहेरची भिंत टाळावी. टाळता येत नसेल तर मागे प्लायची पाठ देऊन हवेसाठी वर-खाली छिद्रे ठेवायला सुताराला सांगावे. कापूर आणि डांबरगोळ्या वास देतात, ओल शोषत नाहीत. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या बंद कपाटात काम करतात, पण भरलेले पाणी वेळेवर टाकावे लागते. पूर्वी कोकणातल्या घरांत कपाटात पिवळा दिवा लावून ठेवत असत, त्यामागचे तत्त्व अचूक होते: आतली हवा दोन-तीन अंश तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. एलईडी दिव्याने ते साधत नाही, आणि कपड्यांना टेकलेला जुना दिवा आगीला निमंत्रण देतो, म्हणून तो उपाय आता सुचवत नाही.

बुरशी काढताना

ओलसर, बुरशी लागलेल्या घरांत दमा, श्वसनाचे विकार आणि अ‍ॅलर्जीचा त्रास अधिक आढळतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. म्हणून बुरशी कोरड्या झाडूने झाडू नये आणि खरवडूही नये. त्याने बीजाणू घरभर उडतात. लहान मुले, वृद्ध आणि दमेकरी यांना दुसऱ्या खोलीत पाठवावे, पंखा बंद करावा, खिडकी उघडावी आणि हातमोजे, एन-९५ मास्क व चष्मा घालूनच कामाला लागावे. आधी साबणाच्या पाण्याचा फवारा मारून जागा ओली करावी, मग जुन्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे. टाइल, काच आणि चांगला रंग असलेल्या भिंतीवर नंतर एक भाग ब्लीच आणि पंधरा-सोळा भाग पाणी असे मिश्रण लावून दहा मिनिटांनी पुसावे आणि भिंत कोरडी करावी.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ब्लीच कशातही मिसळू नये. आपल्याकडे बाथरूममध्ये टाइल्सचे अ‍ॅसिड आणि ब्लीच एकाच फळीवर ठेवलेले असतात. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. व्हिनेगर आणि अमोनिया असलेले काचेचे क्लीनरही ब्लीचजवळ आणू नयेत.

पुट्टी, जिप्सम आणि प्लाय यांच्या आत शिरलेली बुरशी वरून पुसून जात नाही. पोपडे आलेली पुट्टी पक्क्या गिलाव्यापर्यंत काढून टाकावी लागते. फुगलेले प्लाय किंवा जिप्समचा तुकडा बदलावाच लागतो. बुरशीची जागा तीन फूट बाय तीन फुटांहून मोठी असेल तर हे काम जाणकाराकडून करून घेणे इष्ट. ओल स्विचबोर्डच्या जवळ पोहोचली असेल, तर बाकी सगळे बाजूला ठेवून त्या भागाचा एमसीबी बंद करावा आणि वायरमनला बोलवावे. तसेच छतावर तपकिरी गंजाचे डाग, तुळईला लांबट भेग किंवा फुगून सुटलेले काँक्रीट दिसले तर आतली सळई गंजते आहे असे समजावे. गंजलेले लोखंड फुगून भोवतीचे काँक्रीट फोडते, म्हणून तिथे रंगारी किंवा वॉटरप्रूफिंगवाला न बोलावता स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवावे.

दुरुस्ती कधी, आणि खर्च कोणाचा

शोध पावसात घ्यावा, दुरुस्ती उन्हात करावी. जुलै-ऑगस्टमध्ये डागांच्या कडा आखाव्यात, तारखेसह फोटो काढावेत. बाहेरच्या भेगा, गच्ची आणि छज्जे यांचे काम फेब्रुवारी ते मेमध्ये, परांची किंवा झुला बांधून करावे. भेग नुसती वरून लिंपू नये. इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडून पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरावी आणि तुळई-भिंतीच्या सांध्यावर गिलाव्याआधी जाळी मारावी. दिवाळीपूर्वी रंग देण्याची आपली रीत ओल्या भिंतीच्या मुळावर येते, कारण चार महिने भिजलेली भिंत ऑक्टोबरमध्ये वरून कोरडी दिसली तरी आतून ओली असते. गिलावा-काँक्रीटला वाळायला दर इंच जाडीमागे सुमारे महिना लागतो, असा ठोकताळा आहे. अशा ओल्या भिंतीवर आतल्या बाजूने जलरोधक रंगाचा थर दिला तर पाणी मागे अडकते आणि रंग फोडासारखा फुगतो. भिंत उघडी ठेवून, पंखा लावून वाळू द्यावी, लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढावा आणि वर सांगितलेली प्लॅस्टिकची चाचणी कोरडी निघाल्यावरच प्रायमर लावावा. पीओपी किंवा जिप्समची पुट्टी ओल येणाऱ्या भिंतीवर पुन्हा घालू नये. सिमेंटची पुट्टी वापरावी.

खर्चाचा वाद बहुतेक सोसायट्यांत होतो. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंती, गच्ची आणि सामाईक नळ यांतून होणारी गळती दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी आहे, आणि गच्चीतून पाणी झिरपल्याने वरच्या मजल्यावरच्या सदनिकेचे छत व गिलावा खराब झाला असेल तर त्याचाही त्यात समावेश होतो. सदनिकेतल्या बाथरूम-सिंकच्या गळतीची दुरुस्ती त्या सभासदाने स्वखर्चाने करायची असते. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी, त्याहून जुनी असेल तर दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणीही उपविधींत सांगितलेली आहे. त्या तपासणीच्या वेळी आपल्या घरातले डाग अभियंत्याला आवर्जून दाखवावेत. नवा फ्लॅट असेल तर स्थावर संपदा अधिनियम, २०१६ चे कलम १४(३) लक्षात ठेवावे: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष विकासकाच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने ३० दिवसांत विनामोबदला तो दूर करणे बंधनकारक आहे, आणि तसे न केल्यास या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाकडे, म्हणजे महारेराकडे, तक्रार करता येते.

पत्र संस्थेला द्यायचे असो वा विकासकाला, त्यात डागाची जागा, तो कोणत्या तारखेला किती होता, त्या दिवशी वारा कोणत्या दिशेचा होता आणि नीळ घातलेल्या पाण्याच्या चाचणीचा निकाल काय आला, एवढे लिहून फोटो जोडावेत आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी स्वतःच्या छतावरच्या डागांसाठी मागच्या पावसाळ्यात असेच पत्र दिले. मार्चमध्ये गच्चीच्या त्या कोपऱ्याचा कोबा उकरून नव्याने घातला गेला, आणि त्यांचे छत अजून वाळत असल्याने रंगाला त्यांनी मेअखेरपर्यंत हात लावलेला नाही.